गरिबी दिसली म्हणजे कळली का?

गरिबी जवळून पाहिली की माणूस बदलतो, असं आपण सहज म्हणून जातो. मुलांना सहलीला धाडतानाही मनात तेच असतं. पण हे खरं आहे का, ते तपासायचं कसं? फिरून आलेल्यांना नुसतं विचारून भागत नाही. ज्याला मुळातच गरिबांविषयी आस्था आहे, तोच सुट्टीत मेळघाटात जायचं ठरवतो. मग परतल्यावर दिसणारी आस्था प्रवासाने दिली की ती निघतानाच सोबत होती, हे कसं सांगणार? कोणी कुठे जायचं हे जाणाऱ्याच्या हाती नसेल, तरच तुलनेला अर्थ.

मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या तरुण धर्मप्रचारकांमध्ये ही अट आपोआप पूर्ण होते. ते दीड-दोन वर्षं घरापासून दूर राहतात आणि कुठे जायचं ते चर्च ठरवतं. ली क्रॉफर्ड या अर्थतज्ज्ञाने युरोपात गेलेल्यांची तुलना आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिकेत गेलेल्यांशी केली. गरीब प्रदेशांत राहून आलेल्यांना जगातल्या गरिबीच्या प्रश्नात जास्त रस होता. पण सरकारने परदेशांना मदत द्यावी का, बाहेरच्या लोकांना जास्त संख्येने देशात येऊ द्यावं का, या प्रश्नांवर दोन्ही गटांच्या मतांत फरक आढळला नाही. परदेशातल्या कामांसाठी स्वतःच्या खिशातून दिलेल्या देणग्यांतही नाही. इतका दीर्घ मुक्काम करूनही कुतूहल वाढलं आणि न्याय-अन्यायाविषयीची मतं होती तिथेच राहिली, हे मला अस्वस्थ करतं.

ओझरत्या दर्शनाने तर उलटही घडू शकतं. मेलिसा सँड्स यांनी अमेरिकेत बॉस्टन परिसरातल्या सधन वस्त्यांत एक प्रयोग केला. तो 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षाला 10 लाख डॉलरपेक्षा जास्त कमावणाऱ्यांवर जादा कर लावावा, या मागणीसाठी रस्त्यावर सह्या गोळा केल्या जात होत्या. जवळच एक नट उभा असे, कधी चांगल्या कपड्यांत, तर कधी गरिबासारख्या वेशात. गरीब माणूस नजरेस पडला, तेव्हा त्या करासाठी सही करणारे कमी झाले. पुढे सँड्स आणि डॅनियल डी कॅट यांनी दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गच्या गरीब वस्त्यांत असाच प्रयोग केला. तिथे रस्त्याकडेला महागडी मोटार उभी केली. ती असताना श्रीमंतांवरचा कर वाढवण्याच्या मागणीवर सही करण्याचं प्रमाण 11 टक्केबिंदूंनी वाढलं. दोन्हीकडे डोळ्यांसमोर विषमताच होती. फरक होता तो पाहणारा कोणत्या बाजूला उभा आहे याचा.

सधन माणसाचं मन आखडतं का, याचं माझ्या मते एक कारण असं. क्षणभर पाहिलेल्या माणसाचे कपडे दिसतात. त्याची मजुरी, घरभाडं, सावकाराचं व्याज, आजारपणात गेलेली जमीन यांतलं काहीच दिसत नाही. आणि मानसशास्त्र बऱ्याच काळापासून सांगत आलंय की दुसऱ्याच्या अवस्थेचं खापर आपण परिस्थितीपेक्षा त्याच्या स्वभावावर फोडतो. गाडीच्या काचेतून पाहणारा प्रवासी याच जागी असतो. धारावीत सशुल्क फेरी करून गेलेल्या परदेशी पर्यटकांचे अभिप्राय लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या मेलिसा निस्बेट यांनी अभ्यासले. तिथल्या लोकांच्या उद्यमशीलतेचं कौतुक करता करता गरिबी हा प्रश्नच बाजूला पडल्याचं त्यांना आढळलं.

मग दृष्टी बदलते कशाने? याचं सर्वांत भक्कम उत्तर दिल्लीत मिळालं, आणि त्यासाठी कुणाला प्रवासही करावा लागला नाही. 2007 पासून दिल्लीतल्या अनेक नामांकित खाजगी शाळांना काही जागा गरीब मुलांना मोफत द्याव्या लागल्या. अर्थतज्ज्ञ गौतम राव यांनी या गरीब मुलांच्या श्रीमंत वर्गमित्रांचा अभ्यास केला. काही शाळांत अभ्यासगट मुलांच्या पहिल्या नावांच्या अकारविल्हे पाडले जात. म्हणजे गरीब मूल कोणाच्या शेजारी बसणार हे आडनाव, ओळख, आवड यांपैकी कशावरच अवलंबून नव्हतं. राव यांनी रिले शर्यतही लावली आणि श्रीमंत मुलांना जोडीदार निवडायला सांगितलं. बक्षीस 50 रुपयांचं असताना जवळपास एकतृतीयांश मुलांनी जलद धावणारं गरीब मूल सोडून हळू धावणारं श्रीमंत मूल घेतलं. बक्षीस 500 रुपयांवर गेलं तेव्हा असं करणारे सुमारे 6 टक्केच उरले. ज्यांच्या वर्गात गरीब मुलं होती, त्यांच्यात हा भेदभाव कमी होता. पैसे वाटायच्या खेळात ती जास्त उदार होती, आणि तीही फक्त गरिबांशी नव्हे. समोर श्रीमंत मूल असलं तरी ती समान वाटणीकडे झुकत. दयेपेक्षा ही फार मोठी गोष्ट आहे. त्यांची रास्तपणाची कल्पनाच बदलली होती. परीक्षेतल्या गुणांवर परिणाम झाला, पण तो किरकोळ.

म्हणून महाराष्ट्रात जे घडलं ते मला केवळ प्रवेशाचं तांत्रिक प्रकरण वाटत नाही. शिक्षण हक्क कायद्याने विनाअनुदानित खाजगी शाळांत 25 टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी राखल्या आहेत. जवळपास एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला यातून सूट, असा बदल राज्य सरकारने फेब्रुवारी 2024 मध्ये केला. मुंबई उच्च न्यायालयाने तो जुलैमध्ये रद्द केला. त्या वादात गरीब मुलांच्या हक्काबद्दल बोललं गेलं, तेही आवश्यकच होतं. उरलेल्या 75 टक्के मुलांचं काय हिरावलं जात होतं, हे मात्र फारसं कुणी विचारलं नाही. राखीव जागांवर आलेल्या मुलांना वेगळ्या वर्गात किंवा वेगळ्या वेळी बसवू नये, असं कायद्याखालचे केंद्राचे आदर्श नियम सांगतात. हे पाळलं जातं का, असं पालकसभेत विचारण्याचा अधिकार फी भरणाऱ्या पालकांनाही आहे, आणि त्यांनी तो वापरावा.