जुना खडक, उथळ तलाव: भंडारा-गोंदियाची पाण्याची घडी

वैनगंगेच्या खोऱ्यातल्या भंडारा आणि गोंदिया जिल्ह्यांत पाऊस चांगला पडतो. वर्षाला साधारण १,२०० ते १,४०० मिलिमीटर, म्हणजे मराठवाड्याच्या दीडपटीहून जास्त. तरीही इथल्या माणसांनी शेकडो वर्षांपूर्वी गावोगाव तलाव बांधले. एवढा पाऊस असताना तलावांची गरज का पडली, याचं उत्तर जमिनीच्या पोटात आहे.

महाराष्ट्राचा बहुतेक भाग काळ्या बेसाल्टवर वसलेला आहे. हा खडक साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. नागपूर ओलांडलं की तो संपत जातो आणि खालून त्याहून कितीतरी जुने, शंभर कोटी वर्षांपलीकडचे खडक वर येतात: ग्रॅनाइट, नाईस, शिस्ट. तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग इथं ज्या खाणींतून मँगनीज निघतं, त्या याच प्राचीन खडकांत आहेत. खनिजाच्या दृष्टीनं हा भाग श्रीमंत आहे, पण पाणी साठवायला हा खडक कामाचा नाही. त्याच्यात पोकळ्या नाहीत. वरचा झिजलेला, मुरमाड थर आणि खालच्या भेगा यांत मावेल तेवढंच पाणी मुरतं, बाकीचं उतारावरून वैनगंगेकडे धावतं. नदीकाठच्या गाळाच्या पट्ट्या सोडल्या तर विहिरींच्या भरवशावर इथं धान पिकवणं अवघड आहे.

आणि पीक तर धानाचंच. जूनमध्ये पऱ्हे, म्हणजे रोपं, टाकायचे, जुलै-ऑगस्टमध्ये बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या शेतात, रोवणी करायची, इथवर पाऊस साथ देतो. खरी कसोटी सप्टेंबरच्या मध्यापासून लागते. धान गर्भात येतं, मग फुलतं, दाणा भरू लागतो. नेमकं याच काळात मुळाला पाणी कमी पडलं तर लोंबी पोचट राहते. पावसाळाही याच सुमारास हात आखडता घेतो. अशा वेळी एक-दोन पाणी मिळालं की वर्षाचं पीक वाचतं, नाही मिळालं तर तीन महिन्यांची मेहनत जाते.

इथले जुने तलाव या एक-दोन पाण्यांसाठी बांधलेले आहेत. आजच्या धरणांशी त्यांची तुलना करून त्यांना 'उथळ' म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. उन्हाळाभर पाणी राखणं हे त्यांच्यातल्या बहुतेकांचं काम कधी नव्हतंच. दोन टेकाडांमधली घळ हेरायची, मातीची पाळ घालायची, जास्तीचं पाणी जायला सांडवा ठेवायचा आणि खालच्या बांध्यांना पाट काढून द्यायचा. वरच्या तलावाचा सांडवा आणि बांध्यांतून झिरपलेलं पाणी खालच्या तलावात उतरतं, तिथून त्याच्याही खालच्या. एकाच थेंबाचा असा दोन-तीनदा उपयोग होतो. भोवतीच्या विहिरींचीही पातळी वाढते, कारण मुरमाच्या थराला पाणी मुरवायला सवड मिळते. शिवाय मोठ्या तलावाला शेतातल्या बोड्यांची, म्हणजे छोट्या तळ्यांची, जोड असते. कन्हार, मोरांड, सिहार, खर्डी, बरडी अशी मातीची वर्गवारी शेतकऱ्यांच्या बोलण्यात असे, आणि कुठल्या मातीला किती पाणी हे त्यावरून ठरे.

हे कसब मुख्यत्वे कोहळी समाजाचं. गोंड राजांनी त्यांना बनारसकडून आणलं, तलाव बांधेल त्याला त्याखाली भिजणारी जमीन दिली, अशी कथा सांगितली जाते. डोंगरांच्या कुशीतला नवेगावबांध, सुमारे अकरा चौरस किलोमीटरचा, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला अशी परंपरा आहे. डोंगरांमधल्या मोजक्या खिंडी बुजवून एवढा विस्तार अडवायचा, यासाठी जमिनीचा उतार किती बारकाईनं वाचावा लागला असेल!

नागपूरकर भोसल्यांचं राज्य १८५४ मध्ये इंग्रजांनी खालसा केलं. पुढे मालगुजारांना, म्हणजे गावाचा सारा गोळा करून सरकारला भरणाऱ्यांना, जमिनीची मालकी मिळाली आणि तलावही त्यांचे झाले. तो काळ सुखाचा होता असं मी म्हणणार नाही. मालक एक आणि राबणारे अनेक, हीच रीत होती. मात्र पाळीची डागडुजी दरवर्षी होत असे. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारचे झाले, लोक त्यांना माजी मालगुजारी, थोडक्यात मामा तलाव म्हणू लागले. पूर्व विदर्भात असे सहा हजारांहून अधिक तलाव आहेत. जमीनदारी जाणं योग्यच होतं. चूक अशी झाली की तलावाची रोजची काळजी घेणारं त्याच तोडीचं दुसरं कुणी उभं केलं गेलं नाही. गाळ साचत गेला, पाणी कमी मावू लागलं, उघड्या पडलेल्या काठांवर अतिक्रमणं झाली.

याहून मोठं नुकसान पाण्याच्या आत झालं, आणि त्याची चर्चा फार कमी होते. या तलावांवर मासेमारी करणारा ढिवर समाज जगत आला आहे. मरळ, मागूर, शिंगी असे स्थानिक मासे पहिल्या पावसात प्रवाहाविरुद्ध चढून बांध्यांत आणि तलावांत येतात, तिथेच अंडी घालतात. हे मासे हवेतूनही श्वास घेऊ शकतात, म्हणून पाणी आटत आलं तरी चिखलात तग धरतात. नंतर उत्पन्नवाढीसाठी रोहू, कटला, मृगळ यांचं बीज सोडलं जाऊ लागलं. हे नदीचे मासे. साचलेल्या पाण्यात ते प्रजनन करत नाहीत, त्यामुळे बीज दरवर्षी विकत घ्यावं लागतं. गवत्या मासा (ग्रास कार्प) तलावात टाकला तर तो पाणवनस्पतीच फस्त करतो. पाणवनस्पती गेल्या की अंडी चिकटायला आधार नाही, पिलांना लपायला जागा नाही आणि पाण्यात विरघळणारा प्राणवायूही घटतो. वर काठाकाठानं दक्षिण अमेरिकेतून आलेली बेशरम ही झुडुपी वनस्पती पसरली. तिला गुरंही तोंड लावत नाहीत.

सारस क्रौंचाचाही या उथळ पाण्याशी संबंध आहे. उडणाऱ्या पक्ष्यांत सर्वांत उंच, जवळपास सहा फुटांचा हा पक्षी महाराष्ट्रात आता मुख्यतः गोंदियातच उरला आहे, तोही मोजक्या संख्येनं. पाणवनस्पतींचे कंद खातो, बांधीत किंवा तलावाच्या काठी घरटं बांधतो, बहुधा दोनच अंडी घालतो. शेतकऱ्यानं धानातलं घरटं राखलं तरच पिलं वाढतात.

म्हणून नुसत्या गाळ काढण्यानं तलाव सुधारतो, हे मला पटत नाही. यंत्रानं सगळीकडे सारखं खोल खणलं की काठाचा उथळ पट्टा जातो, आणि वनस्पती, मासे, पक्षी यांचं सगळं त्या पट्ट्यावर अवलंबून असतं. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळानं ढिवर गावकऱ्यांना सोबत घेऊन वेगळी वाट धरली: बेशरम उपटायची, उन्हाळ्यात तळ नांगरायचा, कुठली स्थानिक वनस्पती कुठल्या माशाला लागते हे जुन्या जाणत्यांना विचारून ती लावायची. या कामात ढिवर स्त्रिया पुढे आहेत.

कायद्याचा आधारही आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात जलाशयांतले मासे आणि इतर उपज यांवरचा सामूहिक हक्क स्पष्ट नोंदवला आहे. जंगलातल्या तलावांसाठी ग्रामसभा तो मागू शकते. मासे, कमळकंद, शिंगाडा, गुरांचं पाणी, गाळपेर (पाणी ओसरल्यावर गाळात घेतलेलं पीक) असा जो वापर गाव पिढ्यानपिढ्या करत आलं, तो मागताना लिहून द्यावा लागतो.