राणीची बाग आणि पाच रुपयांचं तिकीट

भायखळ्याच्या राणीच्या बागेत नवा प्राणी आला की त्याचं नाव काय, तो कुठून आणला आणि पिंजरा कधी खुला होणार, एवढं सगळीकडे छापून येतं. वाघिणीला बछडं झालं, पेंग्विनची संख्या वाढली, पाण्याखालची मगर काचेतून दिसू लागली, अशा बातम्या गेली काही वर्षं सतत येत आहेत. यांतल्या बहुतेक बदलांची मुळं 2016-17 या दोन वर्षांत सापडतात. त्याआधीचा इतिहास मोठा आहे, पण आजची बाग कळायला ही दोन वर्षं पुरतात.

बाग लोकांसाठी खुली झाली ती नोव्हेंबर 1862 मध्ये, झाडाझुडपांची बाग म्हणून. 1873 मध्ये ती पालिकेच्या ताब्यात आली. प्राणी त्यानंतरचे. गोरखचिंचेचे ढोल बुंधे आणि उर्वशीच्या झाडाचे लाल झुबके पाहायला आजही वनस्पतींचे अभ्यासक सकाळी लवकर येतात. व्हिक्टोरिया राणीची ती राणीची बाग. पुढे जिजामातांचं नाव दिलं गेलं, पाट्या बदलल्या, पण बेस्टच्या बसमध्ये आजही ‘राणीबाग’ म्हणूनच तिकीट मागतात.

2014 पर्यंत प्राण्यांची बाजू खिळखिळी झाली होती. जिमी हा शेवटचा सिंह त्या वर्षी गेला. शिवा हा एकशिंगी गेंडा दिल्लीला पाठवला गेला. हत्ती, पाणघोडे, हरणं, माकडं, पक्षी एवढं उरलं होतं, आणि कितीतरी पिंजऱ्यांवर नुसती पाटी. तरी रविवारी आणि मे महिन्यात बाग भरायची. लालबाग, काळाचौकी, नागपाडा, भायखळा इथली माणसं सतरंजी आणि डबे घेऊन यायची. प्रवेश मोठ्यांना 5 रुपये, लहानांना 2.

26 जुलै 2016 रोजी दक्षिण कोरियातल्या सोलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन आले. यांना बर्फ लागत नाही. पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे हे पक्षी, थंड समुद्रप्रवाहाच्या काठी राहणारे; त्यांच्यासाठी बागेत साधारण 16 ते 18 अंश तापमान राखलं जातं. तेवढं राखायलाही मुंबईच्या दमट हवेत चोवीस तास यंत्रं चालवावी लागतात. त्यातली डोरी ऑक्टोबर 2016 मध्ये जंतुसंसर्गाने गेली आणि मोठं वादळ उठलं. मार्च 2017 मध्ये उरलेले सात लोकांना पाहायला मिळाले. 15 ऑगस्ट 2018 ला पहिलं पिल्लू जन्मलं, आठवड्याभरात गेलं. 2021 मध्ये ओरिओ आणि ऑस्कर जन्मले आणि जगले. पुढे संख्या वाढत गेली, आणि पिल्लांना इंग्रजी नावं का, मराठी का नाहीत, हा वाद 2025 मध्ये रस्त्यावर आला. त्या वादाला जितकी जागा मिळाली, तितकी तिकिटाच्या वादाला आता कुणी देत नाही, म्हणून त्याबद्दल इथे सविस्तर लिहितो.

पेंग्विन खुले झाले तेव्हा जुनंच तिकीट होतं. 1 ऑगस्ट 2017 पासून नवे दर लागू झाले. मोठ्यांना 50 रुपये, मुलांना 25, आणि आई-वडील व दोन मुलं अशा चौघांच्या कुटुंबाला मिळून 100. सकाळी फिरायला येणाऱ्यांचा मासिक पासही 30 वरून 150 वर गेला. पालिकेचं म्हणणं होतं की खर्च वाढला आहे, देशातल्या इतर प्राणिसंग्रहालयांत दर जास्त आहेत, आणि पालिका शाळांतल्या मुलांना प्रवेश मोफतच राहील. विरोध झाला, घोषणा झाल्या, तहकुबी झाली, शेवटी दर लागू झाले.

चौघांचे शंभर हे ऐकायला रास्त वाटतं. पण बागेत येणारं कुटुंब चौघांचं असतं कुठे? त्या पावसाळ्यात एका रविवारी मी तिकीटखिडकीच्या रांगेत होतो. माझ्या पुढे एक जोडपं, दोन मुलं, आणि नऊवारीतल्या आजी. बाईने पर्समधून शंभराची नोट काढली. आतल्या माणसाने आजीकडे बोट दाखवून अजून पन्नास मागितले. आजी म्हणाल्या, “तुमी जाऊन या, मी हितंच बसते.” आजींचा मुलगा ऐकेना. त्याने खिसे चाचपले, दहा-दहाच्या नोटा मोजल्या, आणि आजींना आत नेलं. जुन्या दरात त्या पाच जणांचे 19 रुपये झाले असते, आता 150 झाले. एक मूल जास्त असतं तर 175.

खर्च खोटा नव्हता. 2021 मध्ये पेंग्विनच्या पुढच्या तीन वर्षांच्या देखभालीसाठी 15 कोटींची निविदा निघाली. दिवसाचा हिशेब सव्वा लाखाच्या वर जातो. तिकिटाचं उत्पन्न कित्येक पटींनी वाढलं हेही खरं, आणि गर्दी पुढेही होत राहिली. दरवाढीच्या बाजूचे लोक हेच आकडे पुढे करतात. पण गर्दी मोजताना दारातून परत गेलेल्यांची, किंवा घरूनच न निघालेल्यांची नोंद कुठल्याच वहीत होत नाही. माझ्या मते पेंग्विनच्या कक्षाला वेगळं तिकीट ठेवून बाग 5 रुपयांतच ठेवता आली असती. ही सूचना तेव्हाही लोकांनी केली होती. झाडांच्या सावलीत बसायला येणाऱ्याने यंत्रांच्या विजेचं बिल का भरावं, याचं नीट उत्तर मी तरी ऐकलेलं नाही.

नव्या दरानंतर कामांना वेग आला. जानेवारी 2020 मध्ये आत शिरून पाहता येणारं पक्ष्यांचं मोठं दालन खुलं झालं, बिबटे, अस्वलं, तरस आले. फेब्रुवारीत औरंगाबादहून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरहून, शक्ती आणि करिश्मा ही वाघांची जोडी आली. महिन्याभरात टाळेबंदी लागली आणि बाग 2021 च्या फेब्रुवारीपर्यंत बंद राहिली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये करिश्माला वीरा झाली.

प्राणी विकत घेऊन आणले जातात असा अनेकांचा समज असतो. पण देशातली प्राणिसंग्रहालयं एकमेकांशी अदलाबदल करतात आणि त्याला केंद्रीय मंजुरी लागते. सिंहांच्या बाबतीत गाडी इथेच अडली. जुनागढहून सिंहांची जोडी मिळायची तर बदल्यात झेब्रे द्यायचे होते, झेब्रे इस्रायलहून आणायचे ठरले, आणि घोड्यांच्या आफ्रिकी आजाराबाबतच्या नियमांत ते बसेनात. सिंहांसाठी पिंजरा आखला गेला, सिंह मात्र आले नाहीत.

पुढच्या विस्तारासाठी पालिकेच्या हाती बागेला लागूनची बंद गिरणीची सुमारे 10 एकर जमीन आली आहे. त्या गिरणीचा भोंगा वाजायचा त्या काळी कामगार रविवारी पोरांना घेऊन याच बागेत यायचे. तिथे परदेशी प्राणी ठेवण्याचा विचार आहे. तिकीट किती असेल, हे अजून ठरलेलं नाही.