बोटीचा तळ जोडताना

इंदूरच्या आसपासच्या तलावांचे काठ बहुधा काळ्या बेसाल्टचे असतात. माळव्याचे पठार ज्या लाव्ह्याच्या थरांनी घडले, त्या सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या थरांचाच हा दगड. आणि पावसाळ्यानंतर पाणी उतरू लागले की त्याची टोके पृष्ठभागाखाली दोन-चार बोटांवर येऊन थांबतात, जिथे ती काठावरून दिसत नाहीत. डिसेंबरातल्या एका रविवारी माझ्या भाच्याची रिमोटवरची स्पीडबोट अशाच एका टोकावर आदळली. बोटीचे वजन दीड किलो आणि वेग ताशी सुमारे ४० किलोमीटर; म्हणजे तिच्यातली गतिज ऊर्जा ९० ज्यूलच्या थोडी वर होती. तीच बोट सहा मीटर उंचीवरून, दुमजली घराच्या गच्चीवरून, खाली टाकली असती तर तिला जेवढा मार बसला असता, तेवढाच तिला तलावात बसला.

“मामा, एवढीशी तर भेग आहे, पुट्टी भरली की झालं,” असे तो म्हणाला, आणि बाहेरून पाहता त्याचे म्हणणे खरे वाटावे अशीच ती भेग होती, करंगळीच्या लांबीची आणि केसाएवढी बारीक. पण झाकण काढून आत टॉर्च धरला तेव्हा त्याच जागी तळहाताएवढा पांढुरका डाग दिसला. फायबरच्या बोटीत काचेचे धागे रेझिनमध्ये, म्हणजे पातळ असताना ओतून नंतर घट्ट होणाऱ्या चिकट द्रवात, बुडवलेले असतात. काच आणि रेझिन यांचा अपवर्तनांक (प्रकाश किती वाकतो याचे माप) जवळपास सारखा, १.५५ च्या आसपास असल्यामुळे, दोन्ही नीट चिकटलेले असेपर्यंत प्रकाश त्यांतून फारसा न विखुरता पार जातो. धाग्याची रेझिनवरची पकड सुटली की मधल्या फटीत हवा शिरते, प्रकाश विखुरतो आणि ती जागा पांढरी दिसू लागते. डाग आतल्या बाजूला मोठा का, याचे उत्तरही सोपे आहे. बाहेरून धक्का बसला की तळाचा फायबरचा पत्रा आत वाकतो, वाकताना आतला पृष्ठभाग ताणला जातो, आणि तुटणे तिथून सुरू होते. डागाची हद्द ठरवण्यासाठी मी नाण्याच्या कडेने ठोकत गेलो. धडधाकट जागी आवाज खणखणीत येतो, थर सुटले असतील तिथे बद्द.

आता पुट्टीचा प्रश्न. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका बोटीला मी स्वतः केवळ पुट्टी भरली होती आणि ती दुसऱ्याच फेरीत निखळून पडली. बोटीवरचा भार धागे वाहतात. काच रेझिनपेक्षा वीस पटींहून अधिक ताठ असते, आणि रेझिनचे काम मुख्यतः एका धाग्याकडून दुसऱ्या धाग्याकडे बळ पोहोचवण्याचे असते. काचेची तार जितकी बारीक ओढावी तितकी ती तिच्या जाडीच्या मानाने बळकट ठरते, कारण बारीक तारेत मोठ्या भेगांना जागाच उरत नाही, हे ब्रिटिश अभियंते ए. ए. ग्रिफिथ यांनी १९२१ साली दाखवून दिले. धागा एकदा तुटला की ही सारी बळकटी त्या जागी संपते, आणि पुट्टी छिद्र झाकते पण धाग्यांमधले खंडित झालेले बळ पुढे नेत नाही. ताशी ४० किलोमीटरच्या वेगाने येणारे पाणी जिथे थेट अडते, तिथे दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे सहाशे ग्रॅम वजनाइतका दाब देते. वेग दुप्पट झाला की हा दाब चौपट होतो.

म्हणून जुन्या धाग्यांवर नवे धागे पुरेशा लांबीने चढले पाहिजेत. बोटी दुरुस्त करणारे लोक कडा एकास बारा या उताराने घासतात, म्हणजे पत्रा १ मिलिमीटर जाड असेल तर भेगेच्या दोन्ही बाजूंना निदान १२ मिलिमीटरपर्यंत तो निमुळता करतात. बळ एका धाग्यातून दुसऱ्यात जाताना मधल्या रेझिनला कातरबळ, म्हणजे दोन थर एकमेकांवरून सरकवू पाहणारे बळ, सोसावे लागते. सांधा जितका लांब, तितके ते बळ पसरते. शक्यतो हे काम आतून करावे आणि बाहेरून भेगेवर गुळगुळीत टेप ताणून लावावी, त्यामुळे तळाचा मूळ आकार टिकतो. घासताना मास्क हवाच, आणि पाणी लावून घासले तर काचेची धूळ उडत नाही. त्यानंतर मात्र बोट दोन-तीन दिवस सुकू द्यावी, कारण ओल्या धाग्यांवर रेझिन धरत नाही.

जुनी बोट पॉलिएस्टर रेझिनची असली तरी दुरुस्तीला मी इपॉक्सी हे दुसऱ्या जातीचे रेझिनच घेतो, कारण घट्ट झालेल्या पॉलिएस्टरवर इपॉक्सी चांगले धरते. उलट क्रमाने पॉलिएस्टर इपॉक्सीवर नीट धरत नाही. इपॉक्सी घट्ट व्हावे म्हणून त्यात मिसळायचे हार्डनर रेझिनच्या रेणूंशी स्वतः जोडले जाते. लवकर वाळावे म्हणून ते जास्त घातले तर शिल्लक रेणू तसेच राहतात आणि सांधा कायमचा मऊ पडतो. डब्यावरचे प्रमाण म्हणूनच काट्यावर मोजून घ्यावे. इंदूरच्या सियागंज बाजारातून आणलेल्या साध्या डिजिटल काट्याने माझे काम भागते. कालवलेले रेझिन खोल पेल्यात ठेवले तर स्वतःच्याच उष्णतेने तापून मिनिटांत दगड होते, म्हणून ते पसरट ताटलीत ओतावे. थंडीचा हिशेब तर वेगळाच ठेवावा लागतो. तापमान दर १० अंशांनी उतरले की घट्ट होण्याचा वेळ साधारण दुप्पट होतो, म्हणजे मे महिन्यातल्या ४० अंशांच्या दुपारी सहा तासांत होणारे काम डिसेंबरातल्या १० अंशांच्या रात्री दोन दिवस घेईल. आम्ही सकाळी रेझिन लावून बोट उन्हात गच्चीवर ठेवली. दमट थंडीत इपॉक्सीवर तेलकट, मेणासारखी साय येते. ती पाण्याने धुऊन काढल्याशिवाय वर रंग टिकत नाही.

मुलांच्या स्वस्त बोटी बहुधा एबीएस प्लास्टिकच्या असतात. त्यांच्या भेगेच्या टोकाशी आधी बारीक गोल भोक पाडावे. अणकुचीदार टोकाशी ताण कित्येक पटींनी एकवटतो, गोल भोकाच्या काठावर मात्र तो सुमारे तिप्पटच राहतो. यामागचे गणित ब्रिटिश अभियंते सी. ई. इंग्लिस यांनी १९१३ साली मांडले. पुढे त्याच प्लास्टिकचे तुकडे अॅसिटोनमध्ये विरघळवून ती लापशी भेगेत भरली की दोन्ही कडा एकजीव होतात.

सांधा पक्का झाल्यावर भाच्याला वाटले की काम संपले, पण वेगाने जाणारी बोट पाण्यावर सरकते ती तळाच्या मागच्या भागावर, आणि तिथला मिलिमीटरभर फरकही तिची चाल बदलतो. तिथे तळ आत दबलेला राहिला तर मागचा भाग उचलला जाऊन नाक पाण्यात दाबले जाते. फुगीर राहिला तर पाणी त्याला चिकटून मागचा भाग खाली ओढते आणि बोट उसळ्या घेऊ लागते. अगदी मागची कड गोल झाली तरीही पाणी स्वच्छ सुटत नाही. म्हणून लाकडी ठोकळ्यावर पॉलिश पेपर गुंडाळून आम्ही थोडे थोडे घासत गेलो, दर वेळी तळावर स्टीलची पट्टी उभी धरून पलीकडून टॉर्च लावला, आणि पट्टीखालून येणारी उजेडाची बारीक रेघ चौथ्या खेपेला पुरती नाहीशी झाली.