सभा, गणपूर्ती आणि व्हीसी

मराठवाड्यात सभेची गोष्ट परवानगीपासूनच सुरू होते. निजामाच्या राज्यात ‘गश्ती निशान ५३’ हे सरकारी परिपत्रक लागू होते. जाहीर सभा घ्यायची तर आधी सरकारची मंजुरी. १९३७ साली परतूरला महाराष्ट्र परिषदेचे, म्हणजे निजाम राज्यातल्या मराठी भाषकांच्या संघटनेचे, पहिले अधिवेशन भरले ते याच वातावरणात. उघडपणे एकत्र बसून बोलणे, ही इथे कमावलेली गोष्ट आहे.

पुढचे कायदे एकत्र बसणेच गृहीत धरून लिहिले गेले. १९५८ चा ग्रामपंचायतींचा, १९६१ चा जिल्हा परिषदांचा, १९६५ चा नगरपालिकांचा. नोटीस, विषयपत्रिका, सूचक-अनुमोदक, प्रोसिडिंगवर सही. ग्रामसभेची गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतला कमी आकडा. (तेवढीही जमत नाही, मग सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, हे गावात सगळ्यांना पाठ.) पडद्यावर दिसणारा सदस्य हजर धरायचा का, हा प्रश्न तेव्हा कुणाला पडणे शक्यच नव्हते.

कंपन्यांच्या संचालक मंडळांना पडद्यावरून हजर राहायची मुभा २०१३ च्या कंपनी कायद्याने दिली. सरकारी कचेऱ्यांत ‘आज व्हीसी आहे’ (व्हीसी म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्स) हे वाक्य त्याआधीच रुळले होते, पण ती व्हीसी एकतर्फी: मंत्रालयाने बोलायचे, जिल्ह्याने माना डोलवायच्या. सभा त्याला म्हणता येणार नाही.

कोरोनाने नाइलाज केला. जुलै २०२० मध्ये नगरविकास विभागाने परिपत्रक काढून पालिकांना सभा व्हीसीद्वारे घ्यायला सांगितले. अडचण नुसत्या रेंजची नव्हती. पालिकेची सभा लोकांसाठी खुली असते. लिंक मात्र सदस्यांना आणि अधिकाऱ्यांना जाते, प्रेक्षक सज्जातल्या माणसाला नाही. शिवाय निम्म्या जागा महिलांच्या. सभागृहात सदस्य बाईंच्या यजमानांना दाराबाहेर थांबवता येते. कॅमेऱ्याच्या कडेला बसून ते उत्तरे सांगत असतील तर पीठासीन अधिकाऱ्याला काय दिसणार?

औरंगाबादेत तर हा वादच उद्भवला नाही. महापालिकेची मुदत एप्रिल २०२० मध्येच संपली, निवडणूक लांबली, प्रशासक आले. २०२२ मध्ये लातूर, परभणी, नांदेडच्या महापालिकांचेही तेच झाले. परिपत्रक होते, स्क्रीन होते, नगरसेवक नव्हते. सर्वसाधारण सभेचे आणि स्थायी समितीचे अधिकार एकाच माणसाकडे. त्याला ठराव मंजूर करायला व्हीसीसुद्धा लागत नव्हती.