तास वाढवू नका, आठवडा नीट मांडा

बेळगावात व्यायामाचं वेड काय नवीन नाही, तालमी आहेतच, आता गल्लोगल्ली जिम झाल्यात, सकाळी व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर फिरणाऱ्यांची गर्दी असते आणि सुट्टीदिवशी पोरं सायकल काढून येळ्ळूरच्या राजहंसगडावर जातात. मेहनतीत कुणी कमी पडत नाही. तरी काही महिन्यांनी बरेच जण म्हणतात की बारवरचं वजन वाढेना आणि दम पण होता तेवढाच आहे, मग अजून एक तास वाढवतात. मला वाटतं घोळ इथंच होतो.

१९८० साली अमेरिकेत रॉबर्ट हिक्सन या संशोधकाने १० आठवड्यांचा एक प्रयोग केला. एक गट फक्त वजनं मारायचा, दुसरा फक्त धावणं आणि सायकल, म्हणजे दम वाढवणारा कार्डिओ, तिसरा दोन्ही, आणि तेही जवळपास रोज, जोरात. तिसऱ्या गटाची ताकद पहिले सहा-सात आठवडे मस्त वाढली, मग थांबली आणि शेवटी चक्क उतरायला लागली! दम मात्र कार्डिओवाल्या गटाएवढाच वाढला. म्हणजे नुकसान ताकदीचं झालं. पेशींच्या पातळीवर बघितलं तर लांब कार्डिओने एएमपीके नावाचं एन्झाइम जागं होतं, ते सांगतं की ऊर्जा कमी आहे, खर्च आवरा, आणि स्नायू बांधायचं काम चालतं एमटॉर नावाच्या पेशीतल्या प्रथिनाच्या इशाऱ्यावर. पहिलं दुसऱ्याला दाबतं, असा एक खुलासा दिला जातो. पण याला घाबरून कार्डिओ सोडू नका हां, नंतरच्या अभ्यासांत दिसलंय की बेताच्या कार्डिओने स्नायूंच्या वाढीला फारसा धक्का लागत नाही, फटका बसतो तो झटक्याच्या ताकदीला आणि तोही दोन्ही एकाच सेशनमध्ये उरकलं तर जास्त. कुस्ती किंवा कबड्डी खेळणाऱ्यांनी हे नक्की लक्षात ठेवावं.

म्हणून वजनं सोमवारी आणि गुरुवारी, कार्डिओ मधल्या दिवशी, असं काहीतरी करा. एकाच दिवशी करायचंच असेल तर आधी वजनं, कार्डिओ संध्याकाळी.

दुसरी चूक, बरेच जण सोमवारी छाती मारली की परत पुढच्या सोमवारीच मारतात. व्यायामानंतर स्नायूत प्रथिनं बांधायचा वेग साधारण एक-दोन दिवसच वाढलेला असतो, मग बाकीचे दिवस ती छाती नुसती बसून असते. प्रत्येक मोठा स्नायू आठवड्यातून दोनदा घ्या, एकूण सेट (न थांबता जेवढ्या वेळा वजन उचलाल तो एक सेट) तेवढेच ठेवून विभागले तरी चालतं.

आणि वजन वाढवत न्या. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात थॉमस डीलॉर्म या अमेरिकन लष्करी डॉक्टराने जखमी सैनिकांना जड वजनं द्यायला सुरुवात केली आणि ती टप्प्याटप्प्याने वाढवत नेली, आज जिममध्ये चालतात ते १०-१० चे सेट बऱ्यापैकी तिथूनच आले. ४० किलोवर ८ चे तीन सेट होतायत ना, ते १० चे झाले की अडीच किलो टाका, पुन्हा ८ पासून सुरू, आणि वहीत लिहा, लक्षात राहत नाही. जोर-बैठकांनाही हेच लागू. बैठका शंभराच्या दोनशे केल्या तर सहनशक्ती वाढते, पण निव्वळ ताकदीला वजन लागतं, तेव्हा खांद्यावर वाळूची पिशवी घ्या आणि आकडा कमी करा.

कार्डिओचं जागतिक आरोग्य संघटनेचं माप असं, आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरात. बहुतेक वेळ सोबतच्या माणसाशी पूर्ण वाक्य बोलता येईल अशा गतीने चाला नाहीतर पळा. राजहंसगडाची चढण हा जोराचा दिवस, तो एकच पुरे, आणि दुसऱ्या दिवशी स्क्वॉट (वजन घेऊन बैठका) ठेवू नका, पाय भरलेले असतात. बीपी, शुगर किंवा छातीत दुखायचा त्रास असेल तर हा जोराचा दिवस डॉक्टरांना विचारूनच.

खाण्याचं म्हणाल तर ताकदीचा व्यायाम करणाऱ्याला वजनाच्या किलोमागे १.६ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं पुरतात. ६० किलोच्या माणसाला साधारण ९६ ग्रॅम, नुसत्या भाकरी-भाजीवर ते भरत नाही, उसळ, दूध, दही, अंडी, मासे-मटण यातलं काहीतरी प्रत्येक जेवणात हवं. आणि जुलैच्या झडीत ग्राउंड बंद झालं तर कार्डिओ सोडायचं कारण नाही, दोरीच्या उड्या आहेत, जिने आहेत, बोलत-बोलत करता येतील तेवढ्या गतीने करा.