तूरहून पॅरिसला: ब्रतोनो आणि त्यांच्या शिष्यांची पत्रे

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्रान्समधले वैद्यक म्हणजे पॅरिस. मोठी रुग्णालये, नामवंत प्राध्यापक, 1820 मध्ये स्थापन झालेली वैद्यक अकादमी, सगळे तिथेच. गावाकडचा डॉक्टर या जगाशी बांधलेला असे तो पत्रांनी. रोग उमगला नाही की तो रुग्णाची सगळी हकिकत लिहून राजधानीतल्या एखाद्या मोठ्या डॉक्टरला पाठवी, आणि रुग्णाला डोळ्यांनीही न पाहता दिलेला सल्ला टपालाने परत येई. यात कुणाला काही वावगे वाटत नसे.

फ्रान्समधल्याच तूर या शहरातल्या रुग्णालयाचे प्रमुख प्येर ब्रतोनो (1778–1862) यांच्या बाबतीत मात्र ज्ञानाची वाट उलटी होती. 1818 मध्ये सैनिकांच्या एका तुकडीबरोबर शहरात घशाच्या रोगाची साथ शिरली. ब्रतोनोंनी दगावलेल्यांची शवविच्छेदने केली आणि घशातला करडा पापुद्रा थेट श्वासनळीपर्यंत उतरलेला दाखवून दिला. घशाचा हा रोग आणि मुलांचा जीव घेणारा ‘क्रूप’ एकच, असे त्यांचे म्हणणे होते. आपण ज्याला घटसर्प म्हणतो त्याला त्यांनी 1826 च्या ग्रंथात ‘दिफ्तेरित’ हे नाव दिले. त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी एका मित्राच्या चार वर्षांच्या मुलीची श्वासनळी बाहेरून उघडून तीत नळी बसवली आणि तिला वाचवले. याआधीचे त्यांचे असे प्रयत्न फसले होते.

इतके पाहूनही ब्रतोनो छापायला तयार नसत. अजून पडताळायचे आहे, हे त्यांचे पालुपद. आतड्याच्या तापाबद्दल, म्हणजे आजच्या टायफॉइडबद्दलचे त्यांचे विचार 1826 मध्ये छापून आले ते शिष्य आर्माँ त्रूसो यांच्या लेखणीतून. दुसरे शिष्य आल्फ्रेद व्हेल्पो हे नालबंदाचे पोर, पुढे पॅरिसमध्ये शल्यचिकित्सेचे प्राध्यापक झाले. दोघेही पॅरिसला गेले, पण गुरूशी त्यांचा पत्रव्यवहार तुटला नाही. माझ्या मते, या दोघांचा पाठपुरावा नसता तर तूरचे संशोधन बरेचसे तूरमध्येच विरून गेले असते. कारण पॅरिसमध्ये तेव्हा ब्रूसे या डॉक्टरांचा दबदबा होता. झाडून सारे ताप जठर आणि आतड्याच्या दाहातून येतात आणि जळवा लावणे हा त्यावरचा उपाय, ही त्यांची शिकवण. 1833 या एका वर्षात फ्रान्सने चार कोटींहून अधिक जळवा आयात केल्या. अशा वातावरणात प्रत्येक रोगाला त्याचे स्वतःचे वेगळे कारण असते, हे ब्रतोनोंचे मत मांडायला धाडस लागत होते.

पत्रे लिहिणे तेव्हा खर्चाचेही होते. टपालहशील अंतर आणि वजन पाहून ठरे आणि बहुधा ज्याला पत्र मिळे त्याने ते भरायचे. 1 जानेवारी 1849 रोजी फ्रान्सचे पहिले तिकीट निघाले आणि देशात कुठेही हलके पत्र 20 सांतिममध्ये (सांतिम म्हणजे फ्रँकचा शंभरावा भाग) जाऊ लागले. तोवर रेल्वेही तूरला पोचली होती.

1855 मध्ये, सत्तरी उलटल्यावर, ब्रतोनोंनी पुन्हा लिहिले की घटसर्प माणसाकडून माणसाकडे जातो आणि प्रत्येक संसर्गजन्य रोगाचे बीज निराळे असते. घटसर्पाचे ते बीज सूक्ष्मदर्शकाखाली सापडले 1883–84 मध्ये, क्लेब्स आणि लोफलर या जंतुशास्त्रज्ञांना. गुरुशिष्यांची पत्रे पोल त्रिएर यांनी 1892 मध्ये दोन खंडांत छापली.