कॅनडातील इच्छामरण: पात्रतेच्या अटी कुठून आल्या?

सू रॉड्रिग्ज यांना एएलएस हा मज्जासंस्थेचा असाध्य आजार होता. डॉक्टरांच्या मदतीने मरण्याची मुभा मागणारी त्यांची याचिका कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी फेटाळली. पुढे याच न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१५ रोजी कार्टर खटल्यात ही बंदी एकमताने घटनाबाह्य ठरवली. निर्णयक्षम प्रौढ व्यक्ती, स्पष्ट संमती, गंभीर व असाध्य आजार आणि असह्य यातना, एवढ्याच अटी न्यायालयाने सांगितल्या. मरण जवळ आलेले असावे, असे त्यात कुठेही नव्हते.

ती अट संसदेने जून २०१६ च्या कायद्यात घातली: नैसर्गिक मृत्यू नजीकच्या काळात येईल असे वाजवीपणे दिसत असले पाहिजे. पुढचे सगळे वाद माझ्या मते इथेच सुरू झाले. ज्यांच्या नावाने खटला गाजला, त्या के कार्टर यांना मणक्याचा विकार होता. २०१० मध्ये त्यांनी स्वित्झर्लंडला जाऊन मरण पत्करले होते. नव्या कायद्यात त्या तरी बसल्या असत्या का, असे त्यांच्या घरच्यांनीच विचारले.

सप्टेंबर २०१९ मध्ये क्वेबेकच्या न्यायालयाने ही अट रद्द केली. दाद मागणारे झाँ त्रुशॉं आणि निकोल ग्लादू दोघेही दिव्यांग होते, पण मरणाच्या दारात नव्हते. केंद्र सरकार अपिलात गेले नाही. मार्च २०२१ च्या दुरुस्तीने दोन मार्ग केले: एक मृत्यू जवळ दिसत असलेल्यांसाठी, दुसरा तो जवळ दिसत नसलेल्यांसाठी. मृत्यू जवळ दिसत नसेल, तर पात्रतेच्या तपासणीला किमान ९० दिवस द्यावे लागतात आणि उपलब्ध मदतीची माहिती रुग्णाला द्यावी लागते.

दिव्यांगांच्या अनेक संघटनांचा या दुसऱ्या मार्गाला कडाडून विरोध आहे आणि तो गांभीर्याने ऐकायलाच हवा. घर, काळजी घेणारे माणूस, वेदनाशमन या गोष्टींची माहिती देणे बंधनकारक आहे. त्या प्रत्यक्ष मिळाल्याच पाहिजेत, अशी अट नाही.

हॅलिफॅक्सच्या ऑड्री पार्कर या रुग्णाच्या नावाने ओळखला जाणारा बदलही याच दुरुस्तीत आला. शेवटच्या क्षणी पुन्हा संमती देण्याइतकी शुद्ध उरणार नाही, या भीतीने नोव्हेंबर २०१८ मध्ये त्यांनी हवे होते त्याआधीच मरण स्वीकारले. आता मृत्यू जवळ दिसत असलेल्या, पात्र ठरलेल्या रुग्णाला आगाऊ लेखी संमती देता येते.

केवळ मानसिक आजार असलेल्यांना अजून हा हक्क नाही. तो लागू करण्याची तारीख दोनदा पुढे ढकलली गेली. २०२४ मध्ये ठरलेली नवी तारीख आहे १७ मार्च २०२७.